वेस्ट हायलंड वे : १५४ किलोमीटर, दोघी नणंद-भावजया, सल्ला हवा

ओसरी

मंडळी, मदत हवी आहे. मी आणि माझी नणंद पुढच्या मे महिन्यात स्कॉटलंडमधला वेस्ट हायलंड वे चालायचा बेत करतोय. ग्लासगोच्या उत्तरेला मलगायपासून (नकाशावर स्पेलिंग मिल्नगेव्ही असं वाचाल, घाबरू नका) थेट फोर्ट विल्यमपर्यंत, १५४ किलोमीटर. मी सत्तावन्न, वन्सं एकसष्ट. दोघींनाही चालायची सवय आहे, सुट्टीच्या दिवशी डोंगरही होतो. वन्संचा डावा गुडघा उतारावर कुरकुरतो, चढावर ब्र काढत नाही. (गुडघा. वन्सं दोन्हीकडे बोलतात.)

हिशेब असा केलाय : १५४ भागिले ६, म्हणजे रोज साधारण २६ किलोमीटर. सहा दिवस चालणं आणि एक दिवस राखीव. नकाशावर दर २६ किलोमीटरला पेन्सिलीने फुली मारली. आता त्या फुल्यांजवळ राहायची सोय शोधायला बसले, तर काही फुल्यांच्या आसपास नुसता हिरवा रंग. तिथे तंबू टाकता येतो का? स्कॉटलंडमध्ये कुठेही तंबू टाकायला परवानगी असते असं वाचलं होतं.

दुसरं म्हणजे सामान. रोज पुढच्या मुक्कामी बॅग पोचवणाऱ्या गाड्या असतात म्हणे. वन्संच्या मते ही फसवणूक आहे, पाठीवर ओझं नसेल तर कसलं चालणं. माझ्या मते पाठ माझी आहे.

आणि तो डेव्हिल्स स्टेअरकेस! नाव वाचूनच पोटात गोळा येतो. सगळ्या वाटेवरचा सर्वात उंच भाग तोच आहे ना? त्याच्या आधी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा का?

भटकभवानी

ओसरीताई, आधी खोडरबर घ्या आणि त्या सगळ्या फुल्या पुसा. या वाटेवर दिवस किलोमीटरने पाडायचे नसतात, पलंगाने पाडायचे असतात. मी इथे जवळच राहते, आणि दर वसंतात कुणी ना कुणी पाहुणे हाच भागाकार घेऊन घरी येतात. तुमची पहिली फुली पडते ड्रिमेनच्या पुढच्या लागवडीच्या जंगलात. दुसरी इन्व्हरस्नेडच्या अलीकडे, लॉख लोमंडच्या (लॉख म्हणजे तळं) काठावर, खडकांत. चौथी रॅनख मूरच्या (मूर म्हणजे उघडं, ओलसर माळरान) तोंडाशी, जिथून पुढे तासन्‌तास छप्पर नाही.

लोक मुक्काम करतात ती गावं ठरलेली आहेत, कारण पलंग तिथेच आहेत. मलगाय ते ड्रिमेन १९ किलोमीटर, तिथून रोवरडेनन २४, मग इन्व्हरार्नन २२, टाइंड्रम २०, किंग्सहाऊस ३०, किनलॉखलेव्हन १४ आणि शेवटी फोर्ट विल्यम २४. इकडेतिकडे एखादा किलोमीटर. हे झाले सात दिवस. तुमच्या वयाला नाही, वन्संच्या गुडघ्याला आठ हवेत. आठवा दिवस कुठे घालायचा ते पुढे सांगते.

तंबूबद्दल अर्धं खरं वाचलंत. २००३च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या जमिनीवर चालायचा आणि जबाबदारीने तंबू टाकायचा हक्क आहे. पण लॉख लोमंडच्या पूर्व काठाला १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात वेगळे नियम लागू असतात, आणि तुमची वाट नेमकी त्याच काठाने जाते. तिथे ठरवून दिलेल्या जागी, आधी परवाना काढून किंवा कॅम्पसाइटवरच राहावं लागतं. तुम्हाला तंबूची मुळीच गरज नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

आता डेव्हिल्स स्टेअरकेस. हो, वाटेवरचा सर्वात उंच बिंदू तोच, ५५० मीटर. पण तुम्ही किंग्सहाऊसहून निघता तेव्हाच अडीचशे मीटरवर असता. उरलेला चढ नागमोडी, रुंद, बांधलेल्या वाटेचा. अठराव्या शतकात सैन्यासाठी केलेला रस्ता आहे तो. दमाने गेलात तर पाऊण तासात वर. नावाचा सगळा दरारा तिथेच संपतो. खरी परीक्षा पलीकडे आहे : ५५० मीटरवरून जवळजवळ समुद्रसपाटीला, किनलॉखलेव्हनपर्यंत उतार. शेवटी शेवटी वाटेशेजारी जुन्या ॲल्युमिनियम कारखान्यासाठी टाकलेले धरणाचे जाडजूड पाइप दिसायला लागतात, गाव आता आलंच असं वाटतं, आणि ते येत नाही. वन्संचा गुडघा बोलेल तो तिथे. दोघींनीही दोन-दोन पोल (चालताना टेकायच्या काठ्या) घ्या, एकेक नव्हे.

ज्याची भीती धरायला हवी त्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. रोवरडेनन ते इन्व्हरार्नन. नकाशावर बघा, वाट तळ्याच्या काठाकाठाने, जवळजवळ सपाट. चालण्याच्या वेळेचा एक जुना नियम आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये मांडलेला : तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. त्या नियमाने या २२ किलोमीटरला पाच-सव्वापाच तास येतात. तुम्ही आठ धरा, जेवण वेगळं.

कारण नियमाला चढ मोजता येतो, पायाखाली काय आहे ते नाही. इन्व्हरस्नेडच्या उत्तरेला पहिले चार-पाच किलोमीटर म्हणजे डोंगरउतारावरून गडगडत पाण्यापर्यंत आलेले धोंडे आणि त्यांच्यामधून कशीबशी गेलेली वाट. ओकची मुळं आडवी पसरलेली, पाऊस पडला की साबण लावल्यासारखी. दगडाला हात टेकून, बसून, पाय खाली सोडून, अंदाज घेत उतरायचं. असं दर पन्नास पावलांनी. पोल तिथे अडचणच होतात, सॅकला बांधून टाका. सॅक मोठी असेल तर मागच्या खडकाला घासते आणि नेमक्या चुकीच्या क्षणी पुढे ढकलते. म्हणून, वन्संना माझा नमस्कार सांगा, पण मोठी बॅग गाडीने पाठवा. फसवणूक कसली त्यात! पाणी, रेनकोट, एक गरम थर, खाणं आणि औषधं एवढंच पाठीवर.

तेव्हा आठवा दिवस माझ्या मते इन्व्हरस्नेडला घाला. रोवरडेनन ते इन्व्हरस्नेड ११, दुसऱ्या दिवशी तिथून इन्व्हरार्नन ११. आकड्यांकडे पाहून लाजू नका.

चष्मिष्ट

भवानीताईंचं बाकी सगळं मान्य, आठव्या दिवसाबद्दल नाही.

टाइंड्रम ते किंग्सहाऊस ३० किलोमीटर आहे. बराचसा जुन्या रस्त्यांवरून, त्यामुळे वेग मिळतो हे खरं. पण ते रस्ते दगडी आहेत. रॅनख मूरवरचे १५-१६ किलोमीटर म्हणजे मुरलेल्या टणक खड्यांवरून एकसारखी पावलं. दम लागत नाही, तळवे सोलवटतात. आणि मूरवर वारा-पाऊस समोरून आला तर आडोशाला झाडदेखील नाही. मी आठवा दिवस ब्रिज ऑफ ऑर्कीला किंवा तिथून तीनेक किलोमीटर पुढे इन्व्हरोरनला टाकेन. मग टाइंड्रमहून पहिला दिवस ११ ते १४, दुसरा १६ ते १९. मूर ताज्या पायांनी, सकाळी सकाळी.

दुसरं, वाट मध्येच सोडावी लागली तर काय, हे कुणी विचारत नाही आणि सगळ्यात आधी तेच विचारावं. ग्लासगो ते फोर्ट विल्यम रेल्वे तुमच्या वाटेला बराच वेळ सोबत करते : आर्डलुई, क्रियनलारिख, टाइंड्रम (इथे दोन स्टेशनं आहेत, लोअर आणि अप्पर, फोर्ट विल्यमची गाडी अप्परवरून), ब्रिज ऑफ ऑर्की. ब्रिज ऑफ ऑर्कीनंतर रूळ पूर्वेला मूरमध्ये निघून जातात आणि तुमची वाट पश्चिमेला. तिथून पुढे किंग्सहाऊसपर्यंत भरवसा फक्त ए-८२ रस्त्यावरच्या ग्लासगो–फोर्ट विल्यम बसचा. गाड्या दिवसातून मोजक्याच असतात, रविवारी त्याहून कमी. वेळापत्रकाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा, कारण लॉख लोमंडच्या पूर्वेला कित्येक ठिकाणी रेंज नसते.

क्रियनलारिखला वाट गावात उतरत नाही, वरच्या जंगलातून वळसा घालून जाते. गावात जायचं तर फाटा धरून खाली उतरा.

तळ्याच्या उत्तर टोकाशी आर्डलिशला एक गंमत आहे. पलीकडच्या आर्डलुईहून छोटी होडी येते, आणि तिला बोलवायचं तर काठावरच्या खांबावर दोरीने गोळा वर चढवायचा. पलीकडचा माणूस तो बघतो आणि येतो. हंगामात आणि दिवसाउजेडीच चालते, तेव्हा आधी चौकशी करा. तिकडे उतरलात की आर्डलुई स्टेशन जवळच.

आणि ९९९ क्रमांकाला मेसेज पाठवून मदत मागता येते, पण त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो : इंग्रजीत 'रजिस्टर' एवढा शब्द ९९९ला पाठवायचा आणि येणाऱ्या सूचना पाळायच्या. हे तिथलं सिम घेतल्या घेतल्या करा. डोंगरात मदत हवी असेल तर आधी पोलीस मागायचे, मग त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं.

भटकभवानी

चष्मिष्ट, मूरवर पाऊस समोरून येतो हे तुम्ही असं सांगताय जणू लॉखवर तो विचारून येतो.

मुद्दा मान्य आहे, तळव्यांचा. पण तळवे सोलवटले तर चिकटपट्टी लावून पुढे जाता येतं, इन्व्हरस्नेडच्या मुळांत घोटा मुरगळला तर होडी बोलवावी लागते. ताई ठरवतील.

ओसरी

तुम्ही दोघांनी मिळून माझ्या भागाकाराचं पार भरीत केलंत, आभारी आहे. वन्संनी सगळं वाचलं. बॅग गाडीने पाठवायला तयार झाल्या, अट एकच की फोटोत सॅक दिसली पाहिजे.

अजून थोडं. मे महिन्यात नेमकं कधी? चिलटांबद्दल फार भयानक वाचतेय. आणि दोघी शाकाहारी आहोत. वन्संना शेवटी फोर्ट विल्यमजवळचा बेन नेव्हिस डोंगरही चढायचा आहे, "एवढं गेलोच आहोत तर". त्यांना कुणीतरी समजवा.

ढगाळ

मेचा पहिला आठवडा टाळा. तेव्हा फोर्ट विल्यमला मोटरसायकलींची सहा दिवसांची ट्रायल स्पर्धा असते आणि आसपासच्या गावांतही खोल्या मिळत नाहीत. शिवाय मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार तिथे सुट्टीचा असतो, त्याला जोडून निम्मं ग्लासगो लॉख लोमंडला येतं. मधला पंधरवडा धरा.

बेन नेव्हिस : १,३४५ मीटर, आणि सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीवरून. जाऊन-येऊन सात ते नऊ तास. मेमध्ये माथ्याच्या पठारावर बर्फ असायची बरीच शक्यता, आणि धुक्यात तिथे कडे दिसत नाहीत. इतके दिवस उतारांवर वापरलेला गुडघा घेऊन दुसऱ्या दिवशी लगेच नको. फोर्ट विल्यमला वाट संपते तिथे पाय चोळत बसलेल्या माणसाचा पुतळा आहे. वन्संना त्याच्याशेजारी बसवा, पाय ठणकत असतील तर त्यांचं त्यांनाच कळेल.

भटकभवानी

मे उत्तम. पश्चिम हायलंड्समध्ये त्यातल्या त्यात कोरडे महिने एप्रिल-मे-जून. "त्यातल्या त्यात" हे शब्द ठळक समजा. उजेड भरपूर, मेच्या मध्याला रात्री साडेनऊपर्यंत दिसतं. त्यामुळे संध्याकाळी अंधार पडेल म्हणून कुणी धावत सुटायचं कारण नाही.

चिलटं मेच्या उत्तरार्धात सुरू होतात, जून ते ऑगस्ट त्यांचं राज्य. वारा असला की ती उडूच शकत नाहीत, कडक उन्हातही नसतात. ढगाळ, दमट, वारा पडलेली सकाळ किंवा संध्याकाळ, आणि तुम्ही बुटाची नाडी बांधायला थांबलेल्या : तेवढ्यात येतात. चालत राहिलात तर फारसा त्रास नाही. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी एकेक घ्या, मुठीत मावते. चिलटांचं भय सगळे सांगतात, गोचिडांचं कुणी नाही, आणि काळजी खरं तर त्यांची करावी. नेच्यांतून, उंच गवतातून गेलात की पायाला चिकटतात, आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. रोज रात्री आंघोळीनंतर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली बघायचं. नणंद-भावजया असल्याचा फायदा, एकमेकींची पाठ बघता येते. गोचीड काढायचा छोटा आकडा औषधाच्या दुकानात मिळतो. कातडीला अगदी लागून धरून काढायची, तेल-बिल लावत बसायचं नाही. नंतर काही आठवड्यांत गोल लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टर.

पावसाला छत्री नको, वारा तिची काडी काडी करेल. सॅकवर घालायचं कव्हर वाऱ्याने उडतं, त्यापेक्षा सॅकच्या आत कचऱ्याची जाड पिशवी घाला आणि सगळं तिच्यात भरा. कोरड्या मोज्यांची एक जोडी कायम वेगळ्या पिशवीत, कितीही मोह झाला तरी ती रात्रीचीच.

शाकाहाराची सोय होते. मसुराचं सूप आणि पाव जवळजवळ सगळीकडे, आणि हॅगिस या तिथल्या मांसाच्या पदार्थाचाही शाकाहारी प्रकार मिळतो, ओट आणि डाळींचा, चांगला लागतो. सूप मांसाच्या पाण्यात केलंय का एवढं विचारून घ्या. अडचण वेगळी आहे. पबचं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं, आणि बाहेर लख्ख उजेड असल्याने तुम्हाला सात वाजल्यासारखंच वाटत असतं. पोचल्या पोचल्या आधी जेवणाची वेळ विचारा, मग आंघोळ. किंग्सहाऊसला दुकान नाही, तेव्हा टाइंड्रमला दोन दिवसांचा खाऊ घेऊन ठेवा. आणि खिशात पौंडाची नाणी असू द्या : ड्रिमेनच्या अलीकडे घरांसमोर डबे ठेवलेले असतात, आत पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, कुणीही बसलेलं नाही. घ्यायचं आणि पैसे टाकायचे.

वाट चुकायची भीती नको. खांबांवर षटकोनात काटेरी फुलाची खूण असते. तरी कागदी नकाशा घ्याच, संपूर्ण वाटेचा एकाच घडीचा १:४०,०००चा मिळतो.

ड्रिमेननंतर कॉनिक हिल येते, ३६० मीटरच्या आसपास, आणि बालमहाकडे उतरताना गुडघ्याची पहिली तक्रार. पाऊस असेल तर मिल्टन ऑफ बुकॅननवरून रस्त्याने वळसा घेता येतो. हवा स्वच्छ असेल तर मात्र चढाच. वरून तळ्यातली बेटं एका रेषेत दिसतात, हायलंड्स आणि लोलंड्स यांना वेगळं करणारी जमिनीतली मोठी भेग तिथूनच जाते.

आरक्षणाचा क्रम : जिथे पलंग कमी तिथून सुरुवात. किंग्सहाऊस, इन्व्हरस्नेड, रोवरडेनन, इन्व्हरार्नन, आणि ब्रिज ऑफ ऑर्कीला थांबणार असाल तर तेही. या जागांच्या तारखा जुळल्या की मग ड्रिमेन, टाइंड्रम, फोर्ट विल्यम. लोक पहिल्या दिवसापासून सुरू करतात आणि पाचव्या दिवशी अडकतात. आणि विमानाची तिकिटं पलंगांनंतर.

ओसरी

उलट्या क्रमाने आरक्षण केलं, आणि तुमचं-चष्मिष्टांचं भांडण पलंगांनीच मिटवलं. किंग्सहाऊसला ज्या दिवशी दोन पलंग होते, त्या हिशेबाने मागे गेलं की इन्व्हरस्नेड भरलेलं. ब्रिज ऑफ ऑर्कीला मात्र खोली मिळाली. म्हणजे आठ दिवस, टाइंड्रम ते किंग्सहाऊस दोन भागांत, आणि रोवरडेनन ते इन्व्हरार्नन एका दमात. वन्सं खूश आहेत, मी नाही. बेन नेव्हिस "पुढच्या वेळी" झाला आहे, म्हणजे पुढची वेळही आहे असं आत्ताच कळलं.

भवानीताई, त्या २२ किलोमीटरच्या दिवसाचं आता नीट सांगा.

भटकभवानी

काही बिघडत नाही, फक्त लवकर निघायचं. साडेसहाला चालायला लागा. न्याहारी त्या वेळी मिळणार नाही, आदल्या रात्री डबा मागून ठेवा.

रोवरडेनननंतर थोड्याच वेळात वाट दुभंगते. खालची काठाने, मूळ वाट तीच आणि दिसायला सुंदर. वरची जंगलातल्या गाडीरस्त्याने. तुम्ही वरची धरा. पुढे दोन्ही एकत्र येतात, आणि पाय इन्व्हरस्नेडनंतरसाठी शिल्लक राहतात. वन्संना सुंदर हवं असेल तर सांगा, सुंदर पुढे इतकं आहे की नको म्हणाल.

इन्व्हरस्नेडला धबधब्याशेजारी हॉटेल आहे, तिथे बसा, बूट काढा, खा. मग घड्याळ बघा. साडेबाराच्या आत तिथून निघालात तर निवांत पोचाल. दोन वाजून गेले असतील, किंवा गुडघा सुजलेला दिसला, तर पुढे जायचं नाही. तिथल्या धक्क्यावरून पश्चिम काठाला होड्या जातात. पलीकडे ए-८२ आहे आणि त्यावरची बस इन्व्हरार्ननवरूनच जाते. होडीची शेवटची वेळ आदल्या दिवशी रोवरडेननलाच विचारून कागदावर लिहून ठेवा. आणि बॅग तुमच्या आधीच इन्व्हरार्ननला पोचलेली असेल, तेव्हा त्या दिवशीची औषधं तिच्यात टाकू नका.